बैल का घोरतो?

(कन्हान येथील जिल्हा बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



सकाळपासून कापसाच्या भावावर बोलणे झाले, ज्वारीच्या खरेदीवर झाले. आता जेवणाआधीची वेळ मला दिली आहे आणि विषय दिला आहे तळ्यातल्या पाण्याचा रोग. मागच्या रांगेतले काही जण म्हणत असतील, आमच्या शिवारात प्यायला पाणी नाही आणि हा गडी पाण्याच्या रोगाचे सांगायला उठला. काटोल, नरखेड, कळमेश्वरकडचे लोक इथे बसले आहेत. कोरडवाहू माणसाचा तळ्याशी संबंध काय? तो संबंध मी तुमच्या गोठ्यातूनच दाखवतो.

माझ्याकडे एक बैल होता. बैलबाजारातून आणला तेव्हा अंगाने भरलेला, दात बघितले, चाल बघितली, सगळे बरोबर. दुसऱ्या वर्षी डवरणीच्या वेळी तो धापा टाकू लागला. रात्री गोठ्यात झोपलेला माणूस घोरावा तसा घोरे. नाकातून घट्ट शेंबूड, कधी त्यात रक्ताची रेघ. गावातल्या एका जाणकाराने सांगितले, याला दमा आहे, उन्हाळ्यात तेल पाजा. पाजले. दुसरा म्हणाला, सर्दी आहे, धुरी द्या. दिली. दोन्हींनी काही झाले नाही. वखराला जुंपला की तिसऱ्या तासाला उभा राही. शेवटी हेड्याने निम्म्या भावात नेला आणि त्याने तो पुढे कोणाच्या गळ्यात बांधला ते मला ठाऊक नाही. त्या हंगामात माझी पेरणी भाड्याच्या जोडीवर झाली, तीही वापसा निघून गेल्यावर. या सभेत विचारतो, ज्याच्या गोठ्यात असा घोरणारा बैल कधी होता त्याने हात वर करावा. बघा, किती हात आहेत.

त्या बैलाला दमा नव्हता. त्याच्या नाकाच्या आतल्या शिरांत किडे होते. पोटात जंत असतात तसेच हे जंत, पण यांचे घर रक्तवाहिनीत. नर आणि मादी जोडीने राहतात, मादी अंडी घालते, त्या अंड्यांच्या भोवती नाकात मांस वाढते, फुलकोबीच्या गड्ड्यासारखे. हवा जायला वाट उरत नाही, म्हणून घोरणे. हा जंत मद्रासकडे डॉ. राव या आपल्याच देशातल्या पशुवैद्यक शास्त्रज्ञाने १९३३ साली ओळखला. म्हणजे नव्वद वर्षे झाली. नव्वद वर्षांत ही गोष्ट माझ्या गोठ्यापर्यंत का आली नाही, हा प्रश्न मी नंतर घेणार आहे.

आता हा किडा बैलाच्या नाकात आला कुठून? एका बैलाकडून दुसऱ्याकडे सरळ जात नाही. शेजारी बांधला म्हणून लागत नाही, एका गव्हाणीत खाल्ले म्हणून लागत नाही. रोगट बैल तळ्यावर पाणी प्यायला तोंड लावतो तेव्हा शेंबडातून अंडी पाण्यात पडतात. पाण्यात अंडे फुटते, त्यातून डोळ्याला न दिसणारे पिल्लू निघते आणि ते गोगलगाय शोधते. कोणतीही गोगलगाय नव्हे. तळ्याच्या काठाला, गवतात, बेशरमच्या झुडपाखाली, जिलबीसारखी चपटी गुंडाळलेली तपकिरी गोगलगाय तुम्ही लहानपणापासून बघितली आहे, तीच. तिच्या पोटात त्या एका पिल्लाची शेकडो, हजारो पिल्ले होतात. काही आठवड्यांनी ती शेपटीवाली पिल्ले पाण्यात सुटतात. पाण्यात उभ्या असलेल्या गुराच्या कातडीतून आत शिरतात आणि रक्तातून फिरत नाकापर्यंत जातात. याच्याच भाऊबंदांपैकी दुसरा एक किडा आतड्याच्या शिरांत राहतो, त्याची अंडी शेणातून बाहेर येतात. तो बैल घोरत नाही, पण हगवण लागते, वाळत जातो. आपण म्हणतो, याला चारा लागत नाही.

दोन गोष्टी ध्यानात ठेवण्यासारख्या आहेत. एक, म्हशीला हा नाकाचा किडा असतो पण ती फारशी घोरत नाही, धडधाकट दिसते आणि अंडी मात्र पाण्यात टाकत राहते. म्हणून घोरणारा बैल विकला की तळे शुद्ध झाले, हा हिशेब चुकीचा आहे. दुसरी, तळे आटले म्हणून गोगलगाय संपत नाही. ती ओल्या चिखलात दडून बसते आणि मृगाच्या पाण्याने पुन्हा वर येते. काटोलकडच्या भावांनो, तुमच्याकडे पाणी कमी म्हणून तुम्ही सुटलात असे नाही. उलट, उन्हाळ्यात सगळ्या गावाची गुरे ज्या एका डबक्यावर येतात, तिथे तेवढ्याच पाण्यात सगळ्यांचा शेंबूड, सगळ्यांचे शेण आणि सगळ्या गोगलगाई.

आणि माणसाचे काय? गुरांच्या किड्याची ही पिल्ले माणसाच्या कातडीतही शिरतात. पण माणसाच्या अंगात त्यांचे भागत नाही, ती कातडीतच मरतात आणि मरताना खाज सुटते, लाल पुरळ येते. गुडघाभर पाण्यात रोवणी करणाऱ्या बाया, शिंगाडे काढणारे ढिवर, काठावर गुरे धुणारा ढोरकी, यांना पाण्यातून निघाल्यावर पायाला अशी आग होते तेव्हा ते म्हणतात पाणी चावले. पाणी चावत नाही, पाण्यात असलेला चावतो. मरणाचा रोग नाही हा, पण खाजवून जखमा होतात, मजुरी बुडते.

पण याच घराण्यातले दुसरे किडे असे आहेत की ते माणसातच राहतात, आणि ते खरे कर्दनकाळ. मूत्राशयाच्या नाहीतर आतड्याच्या शिरांत घर करतात. लघवीतून रक्त जाते, यकृत सुजते, पोर वाढत नाही, माणूस कामाला कच्चा होतो. थिओडोर बिल्हार्झ नावाच्या जर्मन डॉक्टरने १८५१ साली इजिप्तमध्ये तो किडा शोधला म्हणून रोगाला बिल्हार्झिया म्हणतात. पुस्तकी नाव शिस्टोसोमियासिस. जगात आजही २० कोटींहून जास्त लोकांना त्याच्या औषधाची गरज आहे, आणि त्यातले बहुतेक आफ्रिकेतले शेतकरी आणि त्यांची पोरे आहेत.

नागपूर जिल्ह्यात हा माणसाचा रोग आहे असे मी म्हणत नाही, कोणी इथून उठून तशी बोंब मारू नये. पण महाराष्ट्रात तो होता. रत्नागिरी जिल्ह्यात गुहागर तालुक्यात गिमवी नावाचे गाव आहे. तिथे लोकांच्या लघवीतून रक्त जात असे. १९५२ साली डॉ. गाडगीळ आणि डॉ. शाह यांनी तिथल्या लोकांच्या लघवीत या किड्याची अंडी दाखवली. तोपर्यंत जाणत्यांचे मत होते की आपल्याकडच्या गोगलगाई या किड्याला थारा देणाऱ्या नाहीत, म्हणून हा रोग इथे टिकणारच नाही. गिमवीच्या पाण्यात पिटुकली, टोपीच्या आकाराची गोगलगाय निघाली आणि मत बदलावे लागले. गावातल्या लोकांना मात्र आपल्याला काय होते आहे ते आधीपासून ठाऊक होते. त्यांच्याकडे नाव नव्हते एवढेच. पुढे कित्येक वर्षे त्या गावावर नजर ठेवली गेली, तिथल्या लोकांच्या रक्तचाचणीचा अभ्यास १९९१ साली छापून आला. रोग कोकणभर पसरला नाही. एका गावात सापडला, तिथेच त्याच्या मागे लागले, म्हणून आवरला.

आता कापूसवाल्यांनो, इकडे लक्ष द्या, कारण पुढची गोष्ट तुमच्या पिकाची आहे.

१८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध झाले. विलायतेच्या गिरण्यांना कापूस मिळेना. तेव्हा दोन मुलखांच्या कापसाला सोन्याचे दिवस आले, एक आपला वऱ्हाड-नागपूर आणि दुसरा इजिप्त. आपल्याकडे त्यापायी आगगाडी आली, १८६७ साली ती नागपूरला पोचली. इजिप्तमध्ये त्यापायी कालवे आले. आधी तिथे नाईल नदीला वर्षातून एकदा पूर येई, शेते भिजत, पीक निघे आणि मग महिनोन् महिने जमीन तडकलेली राही. त्या सुक्यात गोगलगाई मरत. कापसाला उन्हाळ्यात पाणी लागते, म्हणून बंधारे बांधून बारमाही कालवे काढले. पाणी बारमाही, गवत बारमाही, गोगलगाय बारमाही. १९३० च्या दशकात चार ठिकाणी बारमाही पाणी सुरू होण्याआधी आणि नंतर लोकांची तपासणी झाली. आधी शेकडा २ ते ११ लोकांना रोग होता. तीन वर्षांत तो शेकडा ४४ ते ७५ वर गेला. सुदानमध्येही तेच. गोऱ्या सरकारने १९२५ साली सेन्नारचे धरण बांधून गेझिराची मोठी कापूस योजना काढली, कुळांना कापूस लावणे सक्तीचे केले. कापूस लँकेशायरला गेला, लघवीतले रक्त कुळांकडे राहिले. कापसाच्या उत्पादन खर्चाच्या कुठल्या तक्त्यात हा खर्च धरला होता? आपण बियाण्याचा, खताचा, वेचणीचा, बैलजोडीचा खर्च धरायला शिकलो. पाण्याबरोबर येणारा रोग त्या तक्त्यात अजून नाही.

म्हणून कालवा नको, असे मी म्हणत नाही. तसे म्हणणारे शहाणे शहरात पुष्कळ आहेत आणि त्यांच्या नळाला पेंचचे पाणी येते. कोरडवाहू माणसाला पाणी मिळालेच पाहिजे. वैनगंगा-नळगंगा नदीजोडाला राज्य सरकारने २०२४ साली मंजुरी दिली. गोसीखुर्दचे पाणी नागपूर, वर्धा, अमरावती, यवतमाळ, अकोला, बुलडाणा या कापसाच्या पट्ट्यात न्यायचे म्हणतात. कधी पोचेल ते सांगता येत नाही. गोसीखुर्दचीच पायाभरणी १९८८ सालची आहे. पण पोचेल तेव्हा जिथे आज गोगलगाय नाही तिथे ती जाईल, आणि घोरणारे बैल तुमच्याकडे बाजारातून येतच आहेत. म्हणून कालव्याच्या नकाशावर रेघ पडते त्याच वेळी आपली मागणी त्यावर पडली पाहिजे.

कोणती मागणी? त्यासाठी दोन देशांनी काय केले ते बघा.

जपानमध्ये कोफूच्या खोऱ्यात हा माणसाचा रोग पिढ्यान् पिढ्या होता. गोगलगाईतून तो येतो हे मियाइरी आणि सुझुकी या जपानी शास्त्रज्ञांनीच १९१३ साली सिद्ध केले. मग त्यांनी मातीचे पाट सिमेंटचे करायला घेतले. तिथली गोगलगाय ओल्या मातीच्या काठावर राहणारी, सिमेंटवर तिला जागा नाही, वाहत्या पाण्यात तिचा टिकाव नाही. अनेक दशके काम चालले आणि १९९६ साली यामानाशी प्रांताने रोग संपल्याचे जाहीर केले. आपल्या कालव्याच्या शेपटाकडचे शेतकरी अस्तरीकरण मागतात ते पाणी झिरपू नये म्हणून. जिथे पाझर थांबतो तिथे कालव्याच्या कडेची डबकी थांबतात आणि डबक्यातली गोगलगाय थांबते. मागणी एकच आहे, तिला दुसरे कारण जोडा.

चीनचा अनुभव आपल्याला जास्त जवळचा, कारण तिथे प्रश्न गुरांचा होता. पोयांग नावाचे प्रचंड सरोवर आहे. पूर आला की पसरते, ओसरले की मैलोन् मैल दलदलीचे गवताळ रान उघडे पडते. त्यात गोगलगाई आणि त्यातच गावाच्या म्हशी, बैल चरायला. तिथला किडा माणसात आणि गुरांत दोन्हीकडे राहतो. १९५० च्या दशकात चीनमध्ये एक कोटीहून अधिक लोकांना हा रोग होता. माओच्या काळात गावेच्या गावे फावडी घेऊन जुने पाट बुजवायला आणि नवे खणायला लावली, गोगलगाई मातीत गाडल्या. पुष्कळ भागात रोग गेला. पण सरोवराच्या काठी जाईना. माणसांना औषध द्यावे, ती बरी व्हावीत आणि पुढच्या वर्षी पुन्हा आजारी. कारण शेण पाण्यात पडतच होते. २००५ पासून जिनशियान तालुक्यातल्या काही गावांत वेगळे केले. गवताळ रानात गुरे सोडणे बंद, गुरांच्या जागी छोटे ट्रॅक्टर, घरोघर नळ, संडास, नावेवर राहणाऱ्या कोळ्यांसाठीही मैल्याची सोय. तीन हंगामांत एका गावातला रोग शेकडा ११.३ वरून ०.७ वर आला, दुसऱ्या गावात ४ वरून ०.९ वर.

आपले सरकार यातला सोयीचा अर्धा भाग उचलेल अशी मला भीती वाटते. चराईबंदीचा फलक लावेल आणि ट्रॅक्टरचे विसरेल. चीनमध्ये गुरे काढली तेव्हा नांगरणीची दुसरी सोय आधी करून दिली. दोन एकर ज्वारीवाल्याच्या बैलाला तळ्यावर जायची बंदी केली आणि पाण्याचा हौद दिला नाही, तर तो बैल रात्री त्याच तळ्यावर जाईल. मीही नेईन.

औषधाचेही सांगतो. पूर्वी अँटिमनीची इंजेक्शने देत, गुरांना आणि माणसांनाही. इजिप्तमध्ये १९५० पासून १९८० च्या सुमारापर्यंत सरकारने गावोगावी लाखो लोकांना ती टोचली, सुया नीट न उकळता पुन्हा पुन्हा वापरून. बिल्हार्झियाच्या नादात यकृताच्या काविळीचा, ज्याला हिपॅटायटिस सी म्हणतात त्याचा, विषाणू देशभर पसरला. २००८ साली तिथे १५ ते ५९ वयाच्या लोकांत शेकडा १४.७ जणांच्या रक्तात त्याची खूण सापडली. एका सुईने सगळा गोठा टोचणाऱ्याला गोठ्याबाहेर उभे करा, हे त्यातून घेण्यासारखे. आता प्राझिक्वांटेल नावाचे तोंडाने द्यायचे औषध आहे. जनावराला ते देणे पशुवैद्यकाच्या हातचे, वजनावर मात्रा ठरते. आधी शेंबूड सूक्ष्मदर्शकाखाली बघायचा. नाकाच्या किड्याचे अंडे धनुष्यासारखे वाकडे असते, एकदा बघितले की चुकत नाही. दोन मिनिटांचे काम आहे, तेल पाजून वर्ष घालवण्यापेक्षा स्वस्त.

पण त्याच तळ्यात पुन्हा उभा राहिला तर औषध दिलेला बैल पुन्हा घोरणार. म्हणून मूळ काम तळ्याचे आहे. आपल्या पूर्वेला, रामटेकपासून भंडारा-गोंदियापर्यंत, हजारो मालगुजारी तलाव आहेत. कोहळी समाजाच्या लोकांनी बांधले, मालगुजार सांभाळत. १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली, ठीकच झाले. तलाव सरकारचे झाले. तेव्हापासून गाळ साचला, काठ उथळ झाले, बेशरम माजली. गोगलगाईला यापेक्षा चांगले घर बांधून देता आले नसते. मोरचूद टाकून गोगलगाय मरते, हे खरे आहे. पण मासे पण मरतात आणि ढिवराच्या चुलीवर पाणी पडते. तो मार्ग मला पसंत नाही. गाळ काढा. काठ खडा झाला, गवत गेले की गोगलगाई कमी होतात, आणि तो गाळ आपल्या बरड रानात पडला तर पऱ्हाटीला दोन पाण्यांची ओल जास्त मिळते. २०१७ पासून गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार अशी योजना कागदावर आहेच. ही भीक नव्हे. तलाव ज्याच्या नावावर, त्याची डागडुजी त्याने करायची, एवढाच व्यवहार आहे. घरमालकाला छप्पर शाकारायला सांगणे म्हणजे सबसिडी मागणे नाही.

आपल्या हातातले काम थोडे आहे पण आजपासून होण्यासारखे आहे. बैलबाजारात दात बघता तसे नाक बघा, कान लावून श्वास ऐका, थोडे चालवून मग ऐका. गुरांना तळ्यात उतरवण्याऐवजी विहिरीचे, बोअरचे पाणी हौदात पाजा. तळ्याचेच पाणी घ्यावे लागले तर गाळून, गोगलगाय न येईल असे भरून, दोन दिवस ठेवा. ती शेपटीवाली पिल्ले तेवढे दिवस जगत नाहीत. शेण काठावर सोडू नका, खड्ड्यात टाका, खताची उष्णता अंडी मारते. आणि ज्या बाया पाण्यात उभ्या राहून काम करतात त्यांनी बाहेर आल्यावर लगेच पाय कोरडे पुसावे. हे सगळे एकट्याने केले तर उपयोग थोडा. शेजाऱ्याची म्हैस त्याच तळ्यात बसणार आहे, हे मी आधीच सांगितले.

आता ठराव वाचतो, हरकत असेल तर सांगा. प्रत्येक गावतळ्याच्या पाळीबाहेर गुरांसाठी पक्का हौद. मालगुजारी तलावांचा गाळ आणि बेशरम काढणे. कालव्यांच्या अस्तरीकरणात गुरे पाजण्याची आणि कपडे धुण्याची वेगळी बांधीव जागा, नदीजोडाच्या आराखड्यातही. आणि तालुक्याच्या पशुदवाखान्यात सूक्ष्मदर्शक चालू स्थितीत, नुसता कपाटात नव्हे. नव्वद वर्षांत ही गोष्ट गोठ्यापर्यंत का आली नाही, याचे उत्तर मला वाटते त्या कपाटात आहे.

ज्यांनी मघाशी हात वर केले होते त्यांनी जेवणाआधी टेबलापाशी गावाचे नाव आणि गुरे कोणत्या तळ्यावर जातात ते लिहून द्यावे. एका तळ्याची तीन-चार नावे निघाली तर त्या तळ्यापासून सुरुवात करू.

जय किसान.